कोहळ्याला पहिला विळा

बडनेरा रस्ता, अमरावती
२२ सप्टेंबर १९२९

चि. शकुन हिला थोरला भाऊ देवीदास याचा आशीर्वाद.

अक्षर ओळखलंच असशील. अकरा वर्षांत मळ्यात विहिरीवर दुसरी मोट बसली, वांग्यांच्या जागी संत्र्यांची झाडं उभी राहिली, पण माझं अक्षर मास्तरांनी पाचवीत सोडलं तिथेच आहे. पाकीट न फोडता चुलीत घालायचं मनात आलं असेल तर तसं करू नकोस. मायबद्दल लिहिलं आहे.

मायचे पाय सुजले आहेत. गुडघ्यापर्यंत पाणी भरलं आहे, आणि वैद्यबुवा रोज येऊन नुसती मान हलवतात. पडल्या पडल्या तिचं एकच चालू असतं, ‘माही शकुन कोठी हाये? तिले बलाव ना बाप्पा.’ सकाळी सांगावं की बोलावतो, तर दुपारी पुन्हा तेच. सध्या पित्रं चालू आहेत. काल बाबांचं पान वाढलं तर म्हणाली, ‘पुढच्या साली दोन पानं मांडजा, पन त्याच्याआंधी पोरीले दाखव.’ 

तू ये. पण उठलीस आणि आलीस असं करता येणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. खुशालराव अजून आपल्या माळ्यांचे पंच आहेत, आणि मी त्यांच्या ओसरीवर जाऊन हात जोडून आलो. ते म्हणाले, ‘येऊ दे ना. आमी का राक्षस हाओ? देवळासमोर उभी राहून म्हनू दे, कोहळ्याले पैला इळा म्या लावला, चुकी झाली. जातीले जेवन घाला. झालं.’

म्हणजे एका वाक्याचं काम आहे. बाईमाणसाने अख्ख्या कोहळ्याला पहिला विळा लावला की ते घरातल्या मोठ्या पोरावर येतं, हे माझं म्हणणं नाही, चालत आलेलं आहे. त्या वर्षी मानमोडीचा ताप गावोगाव माणसं नेत होता, आणि तुमच्या शाळेत मेमसाहेबांना भुताची दिवाळी सुचली. हॅलोवीन का काय म्हणत होत्या. कोहळ्यांना डोळे कोरले, दात कोरले, आत मेणबत्त्या लावल्या. सातव्या दिवशी माझा पुंजाराम गेला. पाच वर्षांचं पोर. लोकांनी संबंध लावला, पंचांनी तुला वाळीत टाकलं. मी त्यांच्यापुढे काय करणार होतो?

जुनं उकरून काढण्यासाठी हे लिहीत नाही. म्हातारीसाठी एवढं वाक्य म्हणून टाक. तुझ्या जिभेला काय भोकं पडणार आहेत? जेवणाचं मी पाहतो. कोणत्या गाडीने येतेस ते कळव, बडनेऱ्याला बैलगाडी घेऊन उभा राहतो.

तुझा भाऊ,
देवीदास


अमरावती
१० ऑक्टोबर १९२९

शकुनला आशीर्वाद.

अठरा दिवस झाले, उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल अशी मनाची समजूत घालत होतो, तर काल आपल्या वस्तीतला भगवंत संत्री घेऊन अकोल्याला गेला होता तो परत आला. मुद्दाम दवाखान्यात जाऊन तुला भेटला. म्हणाला, पांढरं लुगडं, डोक्याला पांढरी पट्टी, हातात औषधाची बाटली. त्याने मायचं सांगितलं तर तू म्हणालीस, ‘पत्र मिळालं,’ आणि रोग्याच्या तोंडाला चमचा लावलास. बस. बसा म्हणाली नाहीस, पाणी विचारलं नाहीस. त्याला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच बाईशी बोललो.

मला राग आला हे लपवत नाही. तू दवाखान्यात मोठी झाली असशील, घरात तू धाकटीच आहेस. तुझा नवरा प्लेगात गेला तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. लोक म्हणत होते, पोरीला घरात ठेवा, पुढे पाट लावून द्या. बाबा मेमसाहेबांच्या बागेत माळी होते, त्यांनी कोणाचं ऐकलं नाही आणि तुला शाळेत घातलं. बाबांच्या मागे तुझ्यासाठी लोकांची बोलणी कोणी खाल्ली? मीच ना? दर सणाला गाडी जुंपून कोण आणायला येत होतं? तेव्हा ‘दादा, दादा’ करत गाडीत उडी मारायचीस.

आणि पुंजा. तो तर तुझ्याच कडेवर वाढला. त्याच्यासाठी तरी माझ्याशी असं वागायला नको होतं.

नवमी दोन दिवसांवर आली आहे. देवीपुढे कोहळा फोडायला यंदाही चुलतभावाला बोलावलं आहे. त्या वर्षापासून मी कोहळ्याला हात लावलेला नाही आणि मळ्यात वेलही लावलेला नाही. शेजाऱ्याचा वेल कुंपणावरून आत आला तर सत्यभामा तो उपटून बाहेर फेकते. तुझं नाव निघालं की अजून म्हणते, ‘थ्या अवदसेचं नाव माह्या घरात काढू नका.’ पोटचा गोळा गेला आहे तिचा, तिला मी काही म्हणत नाही.

माझी बाजू पण पाहा. माणिक चौदा वर्षांची झाली. तिची सोयरीक जमत आली आहे, आणि कोणाशी, तर खुशालरावांच्या चांदूर बाजारच्या नातवाशी. दिवाळी झाली की कुंकू लावायला येणार आहेत. असं घर आम्हाला पुन्हा मिळणार नाही. तू येऊन सरळ मार्गाने जातीत परत आलीस तर त्यांनाही बरं वाटेल, आणि तू हट्ट धरून बसलीस तर उद्या ते म्हणतील की पोरीची आत्या अकोल्याला बाटलेली आहे. तू बाटलीस की नाही, मी कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही.

माय काल तुला हाक मारत होती. माणिक पुढे गेली तर म्हणाली, ‘तू नाई व माय.’

देवीदास


अमरावती
२० ऑक्टोबर १९२९

शकुन,

तुझं पत्र कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. विहिरीजवळ बसून वाचलं, घरात वाचलं नाही. इतकं लहान पत्र इतक्या वेळा मी आजवर वाचलेलं नाही, पाठच झालं आहे.

‘दादा, मायचे पाय उशीवर उंच ठेव आणि तिचं मीठ बंद कर. पुंजा कोहळ्याने गेला नाही. त्या दिवशी वसतिगृहात अकरा मुली तापात होत्या, आणि आपण दोघंही तिथे होतो. ताप माझ्या लुगड्यातून घरी आला, नाहीतर तुझ्या सदऱ्यातून. ते माझ्या मनावर रोज असतं. पण पहिला विळा मी लावला असं मी म्हणणार नाही. तो कोणी लावला ते तू पंचांसमोर सांग. ज्या दिवशी सांगशील त्या दिवशीच्या गाडीने येते.’

मीठ बंद केलं. पायांखाली उशी ठेवली. सूज थोडी उतरली आहे, हे तुझ्या हाताचं यश.

बाकीचंही लिहितो. निदान तुला तरी लिहितो, कारण तुला ठाऊकच आहे आणि तुझ्यापुढे लपवून काही उपयोग नाही.

दिवाळीला तीन दिवस होते. गुरुवार होता. सहा कोहळी गाडीत घालून मी शाळेत आलो. आवारात तुम्ही पोरी जमल्या होतात, अर्ध्याअधिक तोंडावर पदर घेऊन खोकत होत्या. त्या आठवड्यात दोन पोरी गेल्या होत्या आणि बाकीच्या झोपायच्या खोलीत जायला भीत होत्या, त्यांना त्या दोघी दिसत होत्या. मेमसाहेब आपल्या मोडक्या मराठीत मला सांगत होत्या की आमच्या स्कॉटलंडात या दिवशी मेलेली माणसं घराकडे येतात, म्हणून सलगमला तोंड कोरून दिवा लावतात, वाईट भूत असेल ते पळून जातं. इथे सलगम लहान, म्हणून कोहळा. तू मला हळूच म्हणालीस, ‘दादा, त्याईचे पित्रच व्हयेत हे.’ मला ते पटलं होतं. अजूनही पटतं.

मग त्यांनी तुझ्या हातात सुरी दिली आणि तू हात मागे घेतलास. तू एकटीच नाही, आपल्याकडच्या सगळ्या पोरींनी. मेमसाहेबांना काही कळेना. तू माझ्याकडे येऊन म्हणालीस, ‘पैला इळा तू लाव दादा, मंग आमी कोरतो.’ मी कमरेचा विळा काढला आणि सहाही कोहळ्यांना देठाशी एकेक चीर दिली. पोरी हसायला लागल्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदा हसत असतील. मेमसाहेबांनी मला सलाम केला. मलाही मोठं काही केल्यासारखं वाटलं. मग दिवाळीसाठी तुला त्याच गाडीत बसवून घरी आणलं.

म्हणजे त्या आवारात आपली रीत कोणी पाळली असेल तर ती तू पाळलीस.

पंचांच्या बैठकीत खुशालरावांनी विचारलं, ‘कोहळ्याले पैला इळा कोनं लावला?’ तू म्हणालीस, ‘म्या नाई लावला.’ ‘मंग कोनं?’ तू माझ्याकडे पाहिलंस. नाव घेतलं नाहीस, नुसतं पाहिलंस. मी माझ्या पायांच्या बोटांकडे पाहत होतो.

का, ते सांगतो. बैठकीत म्हणत होते की कोहळा मोठ्या पोराच्या बदली देवाला देतात, तो यांनी भुतांना दिला, आणि भुतांनी बदली घेतली नाही, खरं पोरच मागून घेतलं.  विळा माझा होता. दाराआड सत्यभामा बसली होती. ज्या हाताने मी पुंजाला माती दिली त्याच हाताने त्याला भुतांना देऊन आलो, हे तिने ऐकलं असतं. मी तोंड उघडू शकलो नाही. आणि सगळ्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा, शकुन, मला हलकं वाटलं. पुंजा गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा झोप लागली. हे लिहायला हात वळत नव्हता, पण लिहिलं.

तुमच्या शाळेतही काय झालं ते मला पुढे कळलं. तुमच्या देवळातले उपदेशक म्हणाले, ख्रिस्ताच्या घरात भुतांचा सण कसला, आणि मेमसाहेबांना महिन्याभरात परत पाठवून दिलं. आमचे पंच आणि तुमचे उपदेशक यांचं जन्मात एकदा एकमत झालं, ते यावर. तापात पडलेल्या पोरींना दोन घटका हसू आलं याचा दोघांनाही सारखाच राग आला.

मी सांगेन. शपथ घेतो. फक्त माणिकला कुंकू लागू दे. भाऊबीज झाली की चांदूर बाजारची मंडळी येतील, त्यांचा शब्द पक्का झाला की दुसऱ्या दिवशी मी खुशालरावांच्या ओसरीवर जाऊन उभा राहतो. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. अकरा वर्षं गेली तिथे पंधरा दिवस काय? मायची सूज उतरते आहे.

देवीदास


अमरावती
२ नोव्हेंबर १९२९

शकुन,

माय बुधवारी सकाळी गेली.

तार करता आली असती. तारघर भाजीबाजारापासून किती लांब आहे ते तुला माहीत आहे. मी गेलो नाही. तार मिळाली तर तू निघशील, दारात येशील, पंच तिरडीजवळ बसलेले असतील, आणि मला तिथल्या तिथे बोलावं लागेल असं वाटलं. म्हणून आज पत्र लिहितो आहे. मायला जाऊन आज चौथा दिवस.

आदल्या दिवशी ती चांगली होती. पेज घेतली. सत्यभामा आणि माणिक फराळाचं दळायला गेल्या होत्या, घरात आम्ही दोघंच. मला म्हणाली, ‘देवीदास, थ्या दिवशी तुहा इळा म्या धुतला व्हता.’

मी म्हणालो, ‘कोनत्या दिवशी?’

‘तू शाळेतून गाडी घेऊन आला थ्या दिवशी. इळ्याले कोहळ्याचा गर व्हता. एक बी चिकटून व्हती. कोहळे तं तू अख्खे नेले व्हते.’

तिला म्हणालो, ‘मंग तू बैठकीत बोलली काहून नाई, माय?’

ती आढ्याकडे पाहत होती. म्हणाली, ‘मले वाटे तूच बोलशीन. आज बोलशीन, उद्या बोलशीन. आन् तुले जातीबाहीर टाकलं असतं तं घर कोनं चालवलं असतं? मोठं पोरगं तू. पोरगी कशीबी जगते.’ नंतर म्हणाली, ‘आता बलाव तिले. माह्या देखत बोल.’

मी म्हणालो, ‘भाऊबीज होऊ दे.’

ती हो म्हणाली. कधीही कशाला नाही म्हटलं नाही तिने मला. दुसऱ्या दिवशी सकाळी माणिक दूध घेऊन गेली तर माय गेलेली होती.

तिला अकरा वर्षं माहीत होतं, शकुन. रोज माझ्या ताटात वाढताना माहीत होतं. तुला ज्या दिवशी दारातून काढलं त्या दिवशी ती उंबऱ्यावर डोकं आपटत होती आणि मी तिला धरून आत आणलं. मला वाटलं होतं तिला तुझा राग आला आहे.

तेरवीला तू येऊ शकणार नाहीस. पण तेरवीला मी बोलणार आहे. सोयरीक राहो की जावो.

देवीदास


अमरावती
१५ नोव्हेंबर १९२९

शकुन,

बोललो. सोमवारी तेरवी झाली. पंगत उठल्यावर विडे वाटून झाले, आपले सगळे अंगणात बसले होते, खुशालराव मधोमध. मी उभा राहून म्हणालो, ‘त्या साली कोहळ्याले पैला इळा शकुननं नाई लावला. म्या लावला. तिनं रीत पाळली. बैठकीत मी चूप राह्यलो.’ आवाज माझा मलाच ओळखू आला नाही, पण मागच्या माणसापर्यंत पोचेल इतका मोठा होता.

मला वाटलं आता उठतील, थुंकतील, चालते होतील. मी त्यासाठी तयार होतो. तुला खरं सांगतो, मला ते हवं होतं.

खुशालराव उठले, जवळ आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, ‘देवीदास, बहिनीवर लय जीव हाये तुहा. मायच्या मांगं तिले घरात आनाचं म्हनून तू सोताच्या अंगावर घेऊन राहिला. असा भाऊ कोनाले भेटते?’

मी म्हणालो, ‘नाई जी, खरं सांगून राहिलो. पुंजाची आन घेतो.’

‘मेलेल्या लेकराची आन घेऊ नये,’ ते म्हणाले. ‘तुहं मन आमाले समजलं. पन इळा जिनं लावला तिनंच म्हनाले पाह्यजे. दुसऱ्याचं पाप असं घेता येत नाई.’

सगळ्यांनी माना हलवल्या. भगवंत तर डोळे पुसत होता. चांदूर बाजारची माणसं आली होती, त्यांनी जाताना मला मिठी मारली आणि म्हणाली, अशा माणसाच्या घरची पोर आम्हाला पाहिजेच. अकरा वर्षं खोटं बोललो नाही, नुसता चूप राहिलो, तर मी खरा ठरलो. आणि खरं बोललो ते खोटं ठरलं, वर त्याचं कौतुक झालं. एकेकाला हात धरून पुन्हा सांगत होतो, आणि जितकं सांगत होतो तितका त्यांना मी चांगला वाटत होतो.

एकट्या सत्यभामेने मानलं. लोक गेल्यावर पत्रावळी गोळा करताना ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘एवढं खोटं तुमाले बोलता येत नाई. थे खरंच हाये.’

मी हो म्हणालो.

‘अकरा वर्स मी तिले शिव्या देल्या. सकाळ-संध्याकाळ. तुमी बाजूले जेवत व्हते.’

मी वाकून पत्रावळी उचलायला लागलो.

‘कोहळा मोठ्या पोराच्या बदली कापतात म्हनते,’ ती म्हणाली. ‘तुह्या मायनं तिले कापली, तुह्या बदली.’ लग्न झाल्यापासून तिने मला अरे-तुरे केलं नव्हतं. त्या दिवशी केलं, आणि त्यानंतर काहीच केलं नाही. वाढते, पाणी देते, बोलत नाही.

ज्या दिवशी सांगशील त्या दिवशी येईन असं तू लिहिलं होतंस. मी सांगितलं. पण ज्यांना सांगितलं त्यांनी घेतलं नाही, आणि जिच्यासाठी तू येणार होतीस ती राहिली नाही. म्हणून ये असं लिहायला तोंड नाही. येऊ नकोस असंही लिहवत नाही.

देवीदास


अमरावती
८ नोव्हेंबर १९३०

शकुन,

वर्ष झालं. तू उत्तर दिलं नाहीस, ते बरोबरच केलंस. हे शेवटचं लिहितो आहे, याचंही उत्तर मागत नाही.

सत्यभामा पौषात अकोल्याला येऊन गेली हे तुला माहीतच आहे. मला तिने सांगितलं नव्हतं. लुगडं गाठोड्यात बांधलं आणि भगवंतच्या गाडीतून बडनेऱ्याला गेली. तिसऱ्या दिवशी आली ती चेहऱ्याने वेगळी होती, रडून आलेली होती की काय कोण जाणे. तुमचं काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारायच्या लायकीचा नाही. फक्त माणिकला म्हणाली, ‘तुह्या आत्यानं मले चहा देल्ला. मी पेली.’

हे वाक्य वस्तीत फिरायला दोन दिवस पुरले. खुशालरावांनी बोलावून विचारलं, ‘बाटलेलीच्या हातचा चहा पेली काय?’ ती म्हणाली, ‘हो, पेली. दोन कप.’ माफी माग म्हणाले, ती उठून आली. सोयरीक मोडली. जिच्यासाठी मी पंधरा दिवस मागितले होते ती अशी गेली. माणिक अजून घरीच आहे. आम्हाला आता पंगतीला बोलावत नाहीत, पण मी भेटलो की लोक हळहळतात, बिचाऱ्याला बायको अशी मिळाली म्हणतात. माझ्या नावाला अजून धक्का लागलेला नाही.

आता जे सांगायचं ते. आषाढात सत्यभामेने विहिरीच्या थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडतं तिथे, कोहळ्याचं बी लावलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. मी पाहत होतो. वेल चांगला पसरला, तीन कोहळी धरली. तिने त्यांतलं एकही बाजारात जाऊ दिलं नाही.

गेल्या शुक्रवारी ३१ ऑक्टोबर होता. तुमच्या मेमसाहेबांचा दिवस. ही तारीख तिला कोणी सांगितली असेल तर तूच सांगितली असशील. दुपारी मी मळ्यातून जेवायला आलो तर ती चुलीपुढे बसली होती, समोर अख्खं कोहळं. रोजची भाजी चिरायची पावशी बाजूला सारून ठेवली होती आणि हातात माझा विळा होता, तोच जुना, मायने धुतलेला. मला म्हणाली, ‘बसा.’ वर्षभरात माझ्याशी बोललेला तिचा तो पहिला शब्द.

मी पाटावर बसलो. पुंजा नाही, त्याच्यामागे दुसरा मुलगा झाला नाही. या घरात मोठा म्हणावा असा मुलगा आता मी एकटाच आहे, आपल्या मायचा, तानुबाईचा. हे तिला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. माझ्याकडे पाहत पाहत तिने विळा देठाशी लावला आणि दाबला. कोहळं कडक होतं, तिला दोन्ही हात लावावे लागले. मी तिला थांबवलं नाही. खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला वाटलं, माझ्यावर आलं तर बरं होईल.

तिने फोडी केल्या, भाजी केली, मला वाढली. मी जेवलो. माणिकने दुसऱ्यांदा घेतली.

आज आठ दिवस झाले. पुंजाला सातच लागले होते, म्हणून मी एक दिवस जास्त थांबलो आणि मग लिहायला बसलो. ताप नाही, खोकला नाही. सकाळी मोट धरली, भाजी बाजारात नेली, दोन वेळा पोटभर जेवलो. मला काही झालेलं नाही, शकुन. एवढंच कळवायचं होतं.

देवीदास